गाण्यापुढचा एक रकाना

त्या रकान्याची खरं तर काही गरज नव्हती. तारीख, घर नंबर, कार्यक्रम, किती मिनिटं, एवढ्यावर यादी पुरी होत होती. पण कागदावर उजवीकडे दोन बोटं जागा उरली होती, आणि मला उरलेली जागा बघवत नाही. म्हणून मी पाचवा रकाना आखला आणि वर लिहिलं, 'मूळ कुठलं'.

सिडनीचा दुसरा, लांबलेला लॉकडाऊन चालू होता. टूनगॅबीतल्या आमच्या घरात तेव्हा मी आणि माझी पंधरा वर्षांची मुलगी, दोघीच. नवरा सासऱ्यांच्या आजारपणासाठी पुण्याला गेला आणि सीमा बंद झाल्यामुळे तिकडेच अडकला. सासरे बरे होऊन बागेत फिरायला लागले तरी हा आपला तिथेच. मी वेस्टमीडला एका लॅबमध्ये काम करते. आलेल्या नमुन्यांची नोंद, वाटणी, कुठला आधी, कुठला नंतर, हे बघते. त्या दिवसांत लॅब एक मिनिट रिकामी नसायची. घरी आले की गल्लीचं काम असायचं.

आमची गल्ली एका टोकाला बंद आहे. वीसेक घरं, आणि त्यांचा एक व्हॉट्सॅप ग्रुप. तो मी चालवायचे. मी मागून घेतलं नव्हतं. पहिल्याच आठवड्यात तीन घरांनी एकाच आजोबांसाठी दूध आणलं आणि एका घरात कुणीच काही नेलं नाही, तेव्हा मी न राहवून एक तक्ता करून टाकला. तिथून पुढे सगळे मलाच विचारायला लागले. औषधं कुणाला हवीत, दुकानात कोण जाणार आहे, कुणाचा फोन दोन दिवस लागत नाहीये. रविवारी दुपारी चार वाजता सगळ्यांनी आपापल्या ड्राइव्हवेवर उभं राहायचं आणि एकेका घराने काहीतरी करून दाखवायचं, हीही माझीच कल्पना. एक रविवार पंजाबी ढोल, एक रविवार फिजीच्या कुटुंबाचं भजन. त्याची यादी मी छापून प्रत्येकाच्या पत्रपेटीत टाकायचे.

आमच्या शेजारी चौदा नंबरला एक ग्रीक आजी राहायच्या. बेचाळीस वर्षं त्याच घरात. वय ब्याऐंशी, नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली, एकुलता एक मुलगा पर्थला. पर्थच्या राज्याची सीमा तर आमच्यासाठी कुलूपच लावून बंद होती. आजींच्या किडन्या काम करत नव्हत्या. मंगळवार, गुरुवार, शनिवार सकाळी वेस्टमीडजवळच्या युनिटमध्ये डायलिसिसला जावं लागायचं. एक खेप चुकली तर अंगात पाणी साठतं, दोन चुकल्या तर जीवावर बेतू शकतं, हे मला कुणी समजावून सांगायला नको होतं.

आधी त्यांना न्यायला एक बस यायची. लॉकडाऊनमध्ये ती बंद झाली. मी ग्रुपवर लिहिलं, तर पाच मिनिटांत समोरच्या सतरा नंबरचं उत्तर आलं: 'मी नेईन.' सतरा नंबरचे काका मूळचे तुर्की, सत्तरीचे, एकटेच. आयुष्यभर सरकारी बस चालवून निवृत्त झालेले. साडेसहाला निघायचं म्हटलं की त्यांची गाडी सहा सत्तावीसला आजींच्या दारात. आजी मागच्या सीटवर, मास्क लावून, गुडघ्यांवर ब्लँकेट, चारही काचा खाली. जुलै-ऑगस्ट म्हणजे इथली ऐन थंडी, पण एकही खेप चुकली नाही. माझ्या तक्त्यात तो एकच रकाना असा होता की ज्याच्याकडे मला बघावं लागत नव्हतं.

मग आजींचा रविवार आला. मी विचारलं तेव्हा त्या म्हणाल्या, "गाणं म्हणेन. जुनं आहे. आमचं." मी लिहिलं: घर चौदा, लोकगीत, चार मिनिटं, मूळ कुठलं: ग्रीस.

आजी आपल्या खुर्चीत बसून गायल्या. आवाज कापरा, पण सूर पक्का. गाण्याआधी त्यांनी अर्थ सांगितला. बंदरावर एक मुलगी अंजिरांची टोपली घेऊन उभी आहे. नावाडी एक अंजीर मागतो. ती म्हणते, माझ्या बापाला विचार. दुसऱ्या कडव्यात पुन्हा मागतो, ती पुन्हा तेच सांगते. तिसऱ्या कडव्यात नाव निघून जाते आणि टोपली भरलेलीच राहते. एवढंच. चाल मात्र अशी, की आमच्या अंगणात भाजी निवडताना कुणी गुणगुणली असती तरी परकी वाटली नसती.

दुसऱ्या कडव्यावर समोरून दुसरा आवाज आला. सतरा नंबरचे काका आपल्या ड्राइव्हवेवर उभे राहून तेच गाणं म्हणत होते. चाल तीच, शब्द तुर्की. लोकांना वाटलं, आधीच ठरलंय. टाळ्या सुरू झाल्या. कुणीतरी "ब्यूटिफुल, मेट!" म्हणून ओरडलं. मीही टाळ्या वाजवत होते, आणि आजी गायच्या थांबल्यात हे सगळ्यात शेवटी मला कळलं.

काका रस्त्याच्या कडेपर्यंत आले, हातात माझी यादी. ते दोघं बोलले इंग्रजीत. मी इथे मराठीत लिहिते आहे.

"मॅडम, छान कार्यक्रम. पण कागदावर चूक आहे. हे आमचं गाणं आहे. आणि त्यात अंजीर नाहीत, डाळिंबं आहेत."

"तुमचं?" आजी खुर्चीतूनच म्हणाल्या. "चारशे वर्षं राज्यकर्ते म्हणून आमच्या घरात बसला होतात. काय काय तुमचं झालं ते आम्हाला माहीत आहे."

"आणि तुमचं सैन्य आमच्या किनाऱ्यावर उतरलं, ते काय पिकनिकला?"

"मम, डू समथिंग," मुलगी माझ्या कानाशी कुजबुजली.

मी घसा साफ करून जाहीर केलं की आता नऊ नंबरचे जादूचे प्रयोग. नऊ नंबरच्या गृहस्थांनी घाईघाईत रुमालातून पत्ता काढला, तो खाली पडला, आणि त्या रविवारी पुढे कुणाला काही आठवलं नाही. त्या दोघांना सोडून.

मंगळवारी सकाळी सव्वासहाला माझ्या दारावर टकटक. आजी, कोट, मास्क, ब्लँकेट.

"पोरी, तू तिकडेच कामाला जातेस ना? मला सोड."

"काकांची गाडी..."

"त्या माणसाच्या गाडीत मी बसणार नाही."

समोर सहा सत्तावीसला काकांची गाडी चालू झाली. दहा मिनिटं तशीच चालू राहिली. मग बंद झाली.

सोडण्याचं सोपं होतं, माझी शिफ्ट सातला. आणण्याचं नव्हतं. त्यांचं बाराच्या सुमाराला संपायचं, माझी शिफ्ट साडेतीनला. वेटिंग रूम बंद. त्या बाहेर बाकावर बसायच्या. गुरुवारी मी खाली गेले तर बाकावर त्या अंग आखडून बसलेल्या, ओठ पांढरे. मी त्यांना वर गाडीत आणलं, हीटर पूर्ण लावला आणि गाडी जागची न हलवता आधी त्यांच्या हातांवर हात ठेवून बसले. नियमात ते बसत नव्हतं.

तिथे, कार पार्कच्या तिसऱ्या मजल्यावर, त्यांनी मला सांगितलं. त्यांची आई आठ वर्षांची असताना आजच्या तुर्कस्तानातून ग्रीसमध्ये आली होती. लाखो माणसं तशी आली, धर्म बघून इकडची तिकडे आणि तिकडची इकडे केलेली. जिथे वसवलं त्या गावाला ही माणसं नको होती. आजी तिथेच जन्मल्या, तिथल्याच शाळेत गेल्या, तरी पोरं त्यांना तुर्कांचं बी म्हणायची.

"नऊ वर्षांची होते. शाळेच्या समारंभात मी हे गाणं म्हटलं. मास्तर सगळ्या गावासमोर उभे राहिले आणि म्हणाले, हे आपलं गाणं, आणि ही आपली मुलगी. त्या दिवसापासून ते चिडवणं बंद झालं. कळलं का? आणि आता तू ते कागदावर नीट लिहिलंस, आणि हा येऊन म्हणतो, खोडा."

मी म्हटलं, "हीटर कमी करू का?"

संध्याकाळी काकांना फोन केला. मला वाटलं होतं, दोन शब्द समजुतीचे सांगितले की झालं. एवढ्या मोठ्या लॅबची वाटणी सांभाळते, दोन म्हाताऱ्यांचं काय!

"मॅडम," ते म्हणाले, "माझी आजी क्रीट बेटावरची. मुसलमान म्हणून तिला जहाजात घालून तुर्कस्तानात पाठवलं. तिच्या गल्लीतले लोक तिला अर्धी काफर म्हणायचे, मरेपर्यंत. तिच्याकडे सामान काय होतं? एक पातेलं आणि हे गाणं. ते जर ग्रीक असेल, तर लोक तिला जे म्हणायचे ते खरं होतं."

"पण आजींचं डायलिसिस, काका."

"गाडी तयार आहे. तिने विचारावं. एक वाक्य."

आजींना सांगितलं, तर त्या म्हणाल्या, "त्याने म्हणावं, चुकलो. एक शब्द."

दोघांच्या मध्ये माझा पाचवा रकाना.

शुक्रवारी माझ्या नागपूरच्या मैत्रिणीचा फोन आला. वीस वर्षांपूर्वी आम्ही दोघी मेलबर्नजवळ क्लेटनला एकाच खोलीत राहून शिकलो. तिला मी सगळं सांगितलं, शेवटी म्हटलं, "एका गाण्यावरून एवढं कुणी करतं का?"

ती म्हणाली, "गेल्या वर्षी तू ऑनलाइन भोंडला केला होतास, आठवतं? मी आले होते का?"

"तुझी शिफ्ट होती."

"शिफ्ट नव्हती. तू निमंत्रणात लिहिलं होतंस, 'पुण्याची परंपरा जपू या'. आमच्याकडे भुलाबाई. माझी आई महिनाभर रोज संध्याकाळी गाणी म्हणायची, त्यातली निम्मी तुझ्या त्या फाइलमध्ये होती. मी फाइल उघडली आणि बंद केली."

"अगं, मग बोलायचंस ना!"

"काय बोलू? म्हटलं असतं तर तू म्हणाली असतीस, सॉरी, आणि कंसात 'व इतर' लिहिलं असतंस."

तेच केलं असतं मी. अगदी तेच. तिने ते हसत सांगितलं होतं, पण वर्षभर सांगितलं नव्हतं. सगळं नीट मांडलं की कुणाला काही लागत नाही, अशी माझी एक समजूत होती.

त्याच संध्याकाळी लॅबमधून फोन. माझ्या शेजारच्या टेबलावरची सहकारी पॉझिटिव्ह. मी आणि मुलगी, दोघींनी चौदा दिवस घराबाहेर पाऊल टाकायचं नाही.

मी फोन ठेवला आणि पहिला विचार आला तो शनिवारचा. सकाळी साडेसहा. बारा तास हातात.

यादी केली. पेशंट ट्रान्स्पोर्ट: दोन दिवस आधी सांगावं लागतं, सोमवारनंतर बघू. टॅक्सी: ठरवली, ड्रायव्हरने पत्ता ऐकून रद्द केली, तेव्हा आमच्या भागात रुग्ण जास्त, म्हणून यायला लोक घाबरत होते. नऊ नंबर: बायको गरोदर, नको. एकवीस नंबर: गाडी दुरुस्तीला. काका: मी शनिवारी पहाटे पुन्हा फोन केला. "तिने विचारावं," म्हणाले, आणि मग थोड्या वेळाने, "दुसरं कुणी मिळेल ना?" मी म्हटलं, बघते. मला वाटलं टॅक्सी मिळेल. त्यांनाही वाटलं असावं.

शनिवारची खेप चुकली.

आजी फोनवर म्हणाल्या, "एका दिवसाने काही होत नाही. मी पाणी कमी पिते." रविवारी सकाळी मात्र त्यांचा आवाज बदलला होता, वाक्याच्या मध्येच श्वास घेत होत्या. युनिटच्या नर्सने सांगितलं होतं, धाप वाढली तर सरळ अँब्युलन्स बोलवा. आजी म्हणत होत्या, अँब्युलन्समध्ये गेलेली माणसं या दिवसांत परत येत नाहीत, मी जाणार नाही. पर्थहून त्यांच्या मुलाचा फोन आला. पन्नाशीचा माणूस, मला आयुष्यात कधी भेटलेला नाही. "तुम्ही शेजारी आहात म्हणून मी झोपू शकतो," असं म्हणाला. शेजारी होते, पण दाराबाहेर जाऊ शकत नव्हते. आणि भांडण मी लावलेलं होतं, हे त्याला माहीत नव्हतं.

मग मी जे केलं ते मला जमतं तेच केलं. यादी दुरुस्त केली. दोघांनाही न दुखवता. घर चौदा, लोकगीत, मूळ कुठलं: माहीत नाही. ग्रुपवर टाकली आणि खाली लिहिलं, 'चुकीबद्दल क्षमस्व. सुधारित यादी.'

मुलीने माझ्या खांद्यावरून वाचलं. "मम. नो. हे आधीपेक्षा वाईट आहे."

"का? दोघांचंही नाव काढलं. न्याय झाला."

"यू डिलीटेड देम. बोथ."

चार मिनिटांत काकांचा फोन. मी उचलला, तर ते नुसतं "माहीत नाही?" म्हणाले आणि ठेवून दिला. लगेच आजींचा. त्यांना धाप लागत होती तरी त्या ओरडल्या, "माझ्या आईला तू 'माहीत नाही' म्हणतेस?" आणि ठेवून दिला.

मी खिडकीपाशी गेले. काकांच्या घराचं दार उघडलं. ते मास्क लावत, हातात फोन धरून रस्ता ओलांडून आले आणि आजींच्या फाटकापाशी थांबले. आजी बाहेर पोर्चमध्ये खुर्चीत, पाय स्टुलावर. आमची खिडकी वीतभर उघडी होती. मी पडद्याच्या मागे, मुलगी माझ्या मागे.

"बघितलंस तिने काय लिहिलंय?"

"बघितलं. 'माहीत नाही.' जसं काही रस्त्यावर सापडलेलं मांजर."

"माझ्या आजीला चांगलं माहीत होतं."

"माझ्या आईला पण."

"या बाईला काय कळणार! हिला सगळं चौकटीत बसवायचं असतं."

"मुलगी चांगली आहे," आजी म्हणाल्या. थोडं थांबून श्वास घेतला. "पण डोकं तक्त्यात अडकलंय."

"दे आर रोस्टिंग यू," मुलगी तोंडावर हात ठेवून हसत होती. मला हसू येत नव्हतं. पण आठवड्यात पहिल्यांदाच ती दोघं एकमेकांशी बोलत होती, आणि ती मला शिव्या द्यायला बोलत होती, तर देऊ देत.

"माझी आजी कसं म्हणायची ते सांगू तुला?" काका म्हणाले, आणि फाटकावर हात ठेवून त्यांनी एक ओळ म्हटली.

आजींनी स्टुलावरचे पाय खाली घेतले. "हे ग्रीक आहे."

"असेल. तिला दुसरी भाषाच येत नव्हती. साठ वर्षं राहिली, भाकरीवाल्याशी हातवारे करायची."

"मग त्या दिवशी सगळ्यांसमोर तुर्कीत का म्हणालास?"

काका फाटकाकडे बघत म्हणाले, "घरात आम्हाला सांगितलेलं होतं, बाहेर तसं म्हणायचं नाही."

"उच्चार भयंकर आहेत," आजी म्हणाल्या. "बकऱ्या राखणाऱ्यांसारखे."

"तिच्या बापाच्या बकऱ्याच होत्या."

मग आजी काहीतरी खालच्या आवाजात बोलल्या. मला ऐकू आलं नाही. त्यांचं बोट खुर्चीच्या हातावर ठेका धरत होतं आणि ओठ हलत होते, एवढं दिसलं. काकांनी डोक्यावरची टोपी काढली, पुन्हा घातली. नंतर कधीतरी आजींनीच मला सांगितलं. त्यांच्या आईलाही ग्रीक येत नव्हतं. ती ज्या गावाहून आली तिथले ख्रिस्ती लोक घरात तुर्कीच बोलायचे. ती हे गाणं चुलीपाशी, दार लावून, तुर्कीत म्हणायची, आणि तिच्या गाण्यात डाळिंबं होती. शाळेसाठी ग्रीक शब्द आजींनी शेजारणीकडून मिळवले होते. हे त्यांनी नवऱ्याला कधी सांगितलं नव्हतं, मुलालाही नाही.

त्यांचं एकमत झालं, असं कुणी समजू नये. लगेच पुन्हा सुरू झालं. चाल मुळात कुठल्या किनाऱ्यावरची, नावाडी आधी कुठल्या भाषेत बोलला. त्यात काका फाटक ढकलून दोन पावलं आत आले आणि बोलता बोलता थांबले. ते आजींच्या पायांकडे बघत होते. चपलेचा पट्टा मांसात रुतला होता.

"हे कधीपासून?"

"कालपासून."

"काल तू गेली नाहीस?"

"कशी जाऊ? उडत?"

"मला वाटलं टॅक्सी..."

"टॅक्सी आली नाही."

काकांनी फोन काढला आणि तिथेच उभे राहून युनिटला लावला. आधी दिलगिरी, मग विनंती, मग बस डेपोत कुणावर तरी ओरडावं तसा आवाज. शेवटी फोन खाली घेतला. "उद्या सकाळी पावणेसात. एक जागा काढतायत. रात्री बसून झोपायचं, आडवं व्हायचं नाही. पाणी नाही. आणि धाप वाढली तर मला फोन, मी अँब्युलन्स बोलावणार, तुला विचारणार नाही."

"मी तुला विचारलेलं नाही न्यायला."

"मीही चुकलो म्हटलेलं नाही."

"ठीक," आजी म्हणाल्या.

"ठीक," काका म्हणाले, आणि आमच्या खिडकीकडे न बघताच मोठ्याने म्हणाले, "पडदा हलतोय, मॅडम."

त्या संध्याकाळी मी यादी ग्रुपवरून काढून टाकली. कुणी विचारलंही नाही.

सोमवारी सकाळी सव्वासहाला मी पुन्हा त्याच खिडकीत. रात्री दोनदा फोन करून आजींचा श्वास ऐकला होता. दुसऱ्या वेळी त्यांनी मला झोपायला सांगून फोन आपटला, तेव्हा जरा बरं वाटलं. काकांची गाडी आली, मागचं दार उघडलं. आजी काठी टेकत निघाल्या. पोर्चपासून गाडीपर्यंत बारा-पंधरा पावलं असतील. मध्यावर त्या थांबल्या. वाकल्या. माझा हात दाराच्या कडीवर गेला होता. आयसोलेशन मोडलं तर काय दंड, मुलीचं काय, लॅबचं काय, यातलं काही डोक्यात नव्हतं. तेवढ्यात त्या सरळ झाल्या आणि काकांना काहीतरी म्हणाल्या. काकांनी ते दार बंद केलं आणि फिरून दुसऱ्या बाजूचं उघडलं, जिथून वाद घालताना त्यांना काकांचं तोंड दिसलं असतं. त्या बसल्या. काचा खाली गेल्या. गाडी वळणावर गेली तेव्हा काकांचा हात स्टिअरिंगवरून उठून हवेत हलत होता. वाद चालू होता.

मग वाट बघणं. साडेबारापर्यंत. त्या सहा तासांत मी एकही काम धड केलं नाही. उपमा केला, खाल्ला नाही. कपडे धुवायला टाकले, मशीन सुरू करायला विसरले. पर्थहून दोनदा फोन आला, दोन्ही वेळा मी एकच सांगितलं, "गाडीत बसल्या. वेळेवर पोचल्या." मुलगी तिच्या ऑनलाइन वर्गाचा आवाज बंद करून दर अर्ध्या तासाने दारात यायची. "एनी न्यूज?"

बारा पस्तीसला फोन वाजला. काका.

"झालं, मॅडम. तीन लिटर पाणी काढलं. ब्लड प्रेशर ठीक. नर्स म्हणाली, पुन्हा चुकवलंत तर घरी येऊन ओढून नेईन."

मागून आजींचा आवाज आला, स्पष्ट, पुरा, मध्ये श्वास न घेता. "तिला सांग, याने मोठा रस्ता सोडून कुठल्या कुठल्या गल्ल्यांतून आणलं! आणि हा अजून म्हणतोय की नावाडी तुर्की होता!"

"ते नंतर बघू," काका म्हणाले. "घरी आणतोय. तुमच्याकडे सूप असेल तर तिच्या दारात ठेवा. म्हणजे, तुम्ही नाही. कुणाला तरी सांगा."

"मीठ कमी, टोमॅटो नाही," मी म्हटलं.

"मला माहीत आहे," ते म्हणाले. "दोन महिने मीच नेतोय."

मी पर्थला फोन करून सांगितलं. त्या माणसाने एक मोठा श्वास सोडला, तो मला इतक्या लांबून ऐकू आला. मग मी ओट्यापाशी उभी राहून गार उपमा खाल्ला, सगळा, पातेल्यातून. मशीन सुरू केलं. आणि भर दुपारी एक वाजता, कामाच्या दिवशी, सोफ्यावर आडवी झाले. मुलीने माझा फोटो काढून पुण्याला पाठवला. तिकडून तिच्या बाबांनी विचारलं, 'आईला बरं नाही का?' तिने लिहिलं, 'शी इज फाइन. झोपलीये.'

सोमवारी झाल्यामुळे मंगळवारी जायचं नव्हतं; गुरुवारपासून त्यांची नेहमीची खेप सुरू झाली. त्या सकाळी मी खिडकीत उभी राहून बघितलं: सहा सत्तावीस, आजी, ब्लँकेट, काचा खाली. शनिवारी बघायचं ठरवलं होतं, गजरही लावला होता. जाग आली तेव्हा साडेआठ वाजून गेले होते. ती गाडी कधी निघून गेली ते मला कळलंही नाही.